चाकाचे चार नट

चौसाळ्याच्या हायवेवरचा आमचा पंक्चरवाला जर्मनीला मेकॅनिक म्हणून जायचं ठरवून बसलाय. त्यासाठी भाषेची परीक्षा लागते. जर्मनमध्ये विभक्त्या चार आणि माझ्या जुन्या गाडीच्या चाकाला नटही चारच. एकेक नट आवळताना तो हातोड्याचं एकेक रूप म्हणतो. डेर हामर, डेन हामर, डेम हामर, डेस हामर्स. एखादं रूप चुकलं तर चारही नट सैल करतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. शाळेला उशीर होतोय म्हणून मी चिडतो. तो मान वर न करता म्हणतो, "थांबा सर. घाईनंच लई चुकतंय माझं."

परवा त्याचा निकाल लागला. दुसऱ्यांदा नापास. काल पंक्चर घेऊन गेलो तेव्हा वाटलं, आज तरी काम मुकाट्यानं होईल. त्यानं पंक्चर काढलं, चाक बसवलं, पाना हातात घेतला आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

"सर, आज शाळेत चालत जावा," तो म्हणाला. "मला चारी चाकं लागत्यात."

मी किल्ली त्याच्या बाकड्यावर ठेवली आणि चालू लागलो.