हिरवी पट्टी

वस्तीत सगळे तिला फौजदारीण म्हणत, पण पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती फक्त तिच्या जावेची. दिवेलागणीला फौजदारीण गल्लीत शिरली की घराघरांतले पंखे आपोआप थांबत. कुणाचा टीव्ही चालू राहिला तर ती दारात उभी राहून नुसती बघायची. तेवढं पुरायचं.

हे सगळं इंजिनिअरमुळे. खांबावरच्या विजेनं या वस्तीकडे कायम पाठ फिरवलेली. मग सौर विजेची कंपनी आली, शाळेमागं सौर पॅनेलं उभी राहिली आणि शेजारच्या पक्क्या खोलीत कपाटांएवढ्या बॅटऱ्या ओळीनं लागल्या. दिवसाचं ऊन त्यांत साठायचं आणि रात्री घराघरांत उजेड पडायचा. देखरेखीला माणूस हवं होतं. कंपनीच्या इंजिनिअरनं सगळ्यांसमोर हिच्या हातात किल्ली दिली. "ताई, तुमच्यावर सोडतो," म्हणाला. उभ्या जन्मात तिच्यावर कुणी भांडी घासण्यापलीकडे काही सोडलं नव्हतं. ती तिथंच विकली गेली.

खोलीत एक पडदा होता. त्यावर पट्टी दिसायची: बॅटऱ्या भरलेल्या असल्या की हिरवी, निम्म्यावर आल्या की पिवळी, आणि त्याच्याही खाली गेल्या की लाल.

जावेनं बायकांची शिवणाची शेड काढली होती. पायानं मशीन मारून मारून बायकांचे गुडघे गेले, म्हणून त्यांनी मशीनला लावायच्या विजेच्या मोटारी आणल्या. फौजदारणीनं त्या जोडूच दिल्या नाहीत. त्यालाही कारण इंजिनिअरच. तो तिच्या घरी चहा पिताना म्हणाला होता, "वर्षभर पट्टी हिरवी ठेवा, ताई. मी कंपनीकडून जादा बॅटऱ्या आणतो, मग खुशाल लावा मोटारी." शब्द त्यानं दिला आणि तो वस्तीभर फिरवला हिनं.

"तुझा तो इंजिनिअर भाऊ आणि तुझी ती पट्टी," जाऊ म्हणाली, "दोघांना एका ताटात जेवायला बसव. आमचे पाय गेले तरी चालतील."

"वर्षभर कळ सोस. तुझ्याच मोटारींसाठी चाललंय ना?"

"माझ्यासाठी? मग माझ्या घरचा पंखा का बंद करतेस, बये?"

त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. एका भिंतीला दोन चुली, आणि एकीला ठसका लागला तर दुसरी पाणी विचारत नव्हती.

वर्ष सरलं आणि सकाळी ट्रक आला. इंजिनिअर पुढं बसलेला. फौजदारणीनं धावत जाऊन खोली उघडली, दार सताड लोटलं, ट्रक वळवायला जागा दाखवली. चहाचं आधणसुद्धा ठेवून आली. परत येऊन बघते तर ट्रक रिकामा, आणि हमाल आतली बॅटऱ्यांची कपाटं बाहेर काढतायत.

"भाऊ, ह्या जुन्या नेताय? नवीन मागनं येतायत का?"

इंजिनिअर मोबाईलमध्ये बघत म्हणाला, "ताई, निम्म्या हलवतोय. एका हॉटेलचं काम निघालंय. तुमच्याकडे तसाही वापर नाही."

"वापर नाही म्हणजे?"

"कंपनीला तिकडे बसून सगळं दिसतं ना. वर्षभर पट्टी हिरवीच आहे. म्हणजे तुम्हाला एवढ्या लागतच नाहीत."

ती आवाज न चढवता म्हणाली, "हिरवी ठेवायला तुम्हीच सांगितलंत ना?"

"मी जपून वापरा म्हटलं होतं."

"आणि निम्म्या उचला, हे कंपनीला कुणी सुचवलं?"

त्यानं ड्रायव्हरला हाक मारली. तेच उत्तर होतं.

गोड बोलणाऱ्याचं असंच असतं. केसानं गळा कापतो आणि वर ताई म्हणतो. शिवी देणारा परवडला, त्याच्यापासून माणूस निदान सावध तरी राहतो. हिनं स्वतःच्या हातानं दार उघडून दिलं होतं. वस्ती गोळा झाली तोवर ट्रक वळणावर. "फौजदारणीनंच विकल्या असतील," कुणीतरी मागून म्हणालं. ते तिनं ऐकलं आणि ती खोलीत शिरली.

दुपारभर ती उरलेल्या कपाटांपुढे बसून होती. उन्हं उतरल्यावर उठली ती थेट शेडमध्ये गेली. जाऊ मान खाली घालून पायानं मशीन मारत होती.

"मोटारी काढ," फौजदारीण म्हणाली.

"आता? निम्म्या नेल्यावर?"

"काढ म्हणते ना."

बायकांनी मोटारी जोडल्या. शेड घरघरू लागली. फौजदारीण गल्लीतून फिरली आणि दारादारात एकच बोलली, "लावा. जे असेल ते लावा." पंखे फिरले, टीव्ही लागले, कुणीतरी इस्त्री काढली. मग ती खोलीत आली. पट्टी पिवळी होऊन लाल व्हायला आली होती. जाऊ मागं येऊन उभी राहिली.

फोन वाजला. इंजिनिअर होता. "ताई, इथं धोका दाखवतंय. काय चाललंय? बंद करा सगळं, बॅटऱ्या बाद होतील."

"वापर चाललाय," ती म्हणाली. "दिसतोय ना आता?"

"ताई, प्लीज, ऐका माझं—"

"बॅटऱ्या तुमच्या आहेत. या, आणि बंद करा."

तिनं फोन ठेवला. पण वर्षभराची सवय कुठं जाणार? पट्टी लाल होताच तिचा हात मुख्य खटक्याकडे गेला. जावेनं तो हात मध्येच धरला आणि सोडला नाही. शेडमधल्या मोटारी चालूच होत्या.