फक्कीला भिणारे तात्या

बारामतीच्या वेशीपासून पार इंदापूरपर्यंत शोधलं, तरी माझ्या चुलत सासऱ्यांइतका घाबरट माणूस सापडणार नाही. सगळे त्यांना तात्या म्हणतात. सापाला, विजेला ते भीत नाहीत. उसात बिबट्या दिसल्याची आवई उठली, तेव्हा सगळी वस्ती दारं लावून बसली होती आणि तात्या खांद्यावर खोरं टाकून पाणी धरायला गेले होते. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची, चुन्याच्या पांढऱ्या फक्कीची. शहर आमच्या बाजूला सरकायला लागल्यापासून त्यांनी पाहिलंय, की आधी शेतात फक्कीच्या रेघा पडतात, मग प्लॉट पडतात आणि पुढच्या हंगामाला तिथं ऊस नसतो, सिमेंटची कमान असते.

मला याद्या करायची सवय, म्हणून त्यांच्या खोडीही क्रमानं सांगते. उजाडताच पहिलं काम, आपल्या तीन एकरांच्या चारी कोपऱ्यांवरच्या हद्दीच्या दगडांना हात लावून येणं. दगड रात्रीतून चालत जातात, अशी त्यांची खात्री आहे. दुसरं, रस्त्याला पांढरी गाडी थांबली, की तिच्या काचेशी जाऊन उभं राहणं. पळसदेवची वाट विचारायला थांबलेल्या एका कुटुंबाला त्यांनी पेरू खायला घालून तासभर चौकशी केली आणि ते गेल्यावर चाकं मातीत कुठवर आली होती, तेही पाहिलं. तिसरं, तलाठ्याकडं खेप. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. बांधावरच्या बाभळीला सुगरणींची घरटी आहेत, तर त्यांची नावं तिथं लावा, असा त्यांचा अर्ज. तलाठ्यानं हसून विचारलं, वारस किती? मोजून सांगतो म्हणाले, आणि खरंच मला वही घेऊन बाभळीखाली उभं केलं.

शाळेच्या क्रीडादिनी तर कमाल झाली. मी शिकवते त्या शाळेच्या मैदानावर धावण्याच्या पट्ट्या आखल्या होत्या. फक्की मीच मागवली होती. दुधाची किटली घेऊन चाललेल्या तात्यांना वाटलं, मैदानही गेलं. ते सरळ चौथ्या पट्टीवर आडवे झाले. “आदी माझ्या अंगावरनं रेघ वढा,” म्हणाले. मुलांना वाटलं, हा नवाच अडथळा. दोघं त्यांच्यावरून उडी मारून गेलीसुद्धा. समजूत पटल्यावर तात्या उठले, पण फाटकापर्यंत धोतराची फक्की झटकत राहिले. तेव्हा मी हसले होते.

गेल्या महिन्यात माझ्या नवऱ्यानं आमचं रान प्लॉटिंगला द्यायचं ठरवलं. ते तात्यांच्या बांधाला लागूनच आहे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. वहीत ‘तात्यांना सांगणे’ एवढं लिहिलं आणि रोज ते काम दुसऱ्या दिवसाच्या पानावर उतरवत राहिले. मी सांगायच्या आधीच आखणी झाली.

सकाळी तात्या बांधावर उभे. दिसेल ती रेघ पायानं विसकटून टाकणारा हा माणूस, त्या दिवशी पाय बांधाच्या अलीकडंच ठेवून होता.

“पुसा की, तात्या,” मी म्हणाले.

“माझ्या हद्दीत असती तर पुसली असती, सूनबाई. ही तुमच्या रानात हाय.” मग बाभळीकडं बघत हळूच म्हणाले, “पिल्लं उडूस्तवर थांबतील का, तेवढं इचार.”

ते गेल्यावर मी चपला काढल्या आणि ती रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पायानं पुसली. वहीत लिहिलं, ‘फक्की पुसणे’, आणि पुढं बरोबरची खूण केली. त्याखाली लिहिलं, ‘घरी बोलणे’.

‘घरी बोलणे’ रोज पुढच्या पानावर जातंय, आज आठवा दिवस. आखणीवाले पुन्हा यायचे आहेत. तात्या रोज दगडांना हात लावत आमच्या बांधाशी येतात, खाली बघतात आणि पुढं जातात. त्यांच्याइतका घाबरट कुणी नाही, असं सुरुवातीला लिहून बसले खरी. पण दारात नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला, की मी वही मिटते.