पांढऱ्या केसांत हात

माझ्या मुलीच्या स्थळासाठी आम्ही पहिल्यांदा घरच्यांचा फोटो पाठवला, त्यात पुतणीला घेतलं नव्हतं. नरडाण्याच्या त्या लोकांनी दोन दिवसांत फोन केला. "तुमच्या दिरांना एक मुलगी आहे ना? फोटोत दिसत नाही." म्हणजे चौकशी आधीच झाली होती. पुतणी तेव्हा दहा वर्षांची. तिच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, कोड होतं. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे त्यांनाही माहीत असणार. पण ते स्थळ तिथेच संपलं.

नंतर धुळ्याचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं शांत. त्यांनीही घरातल्या सगळ्यांचा फोटो मागितला. मी जावेला म्हटलं, "या वेळी तिला घ्यायचं."

"नको ताई. मी तिला घेऊन अमळनेरला जाते माहेरी. परीक्षा होती म्हणून सांगा."

"नसली की जास्त विचारतात. बसू दे फोटोत. हात मी बघते."

बाह्या लांब शिवून बोटं झाकत नाहीत. हातात फुलं दिली तर बोटं आणखीच नजरेत येतात. मग मला आमच्या पामेरियन कुत्र्याची आठवण झाली. पांढराशुभ्र, अंगावर वीतभर केस. तो तिच्या मांडीवर बसला आणि तिने दोन्ही हात त्याच्या केसांत घातले, तर कुणाला काही कळणार नव्हतं.

अडचण एवढीच होती की तो कुणाच्या मांडीवर बसत नसे. केसांत हात घातला की गुरगुरायचा. मी आठ दिवस हातात ठेवले. रोज संध्याकाळी अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पुतणीला बसवायचं, तिच्या मांडीवर कुत्रा, आणि मी समोरून दुधात बुडवलेल्या टोस्टचे तुकडे टाकायचे. पहिल्या दिवशी तो पळाला. चौथ्या दिवशी पाच मिनिटं बसला. सातव्या दिवशी मी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून पाहिला. हात कुठेच दिसत नव्हते.

पुतणी खूश होती. तोवर त्या कुत्र्याला हात लावायचा मान माझ्या मुलीचा होता. मी पुतणीला म्हटलं होतं, "तुझ्याकडेच तो शांत बसतो, दुसऱ्या कुणाकडे नाही." तिने शाळेत सगळ्यांना सांगितलं, फोटोत कुत्रा मी धरणार आहे.

माझा मुलगा शेंडेफळ, सात वर्षांचा. तो चिडला. "मम्मी, तिला कुत्रा, मग मला काय?"

"तुला तोंड बंद ठेवायचंय," मी म्हटलं.

फोटोच्या दिवशी ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं होतं. जळगावच्या एप्रिलमध्ये नऊनंतर माणूस हसत नाही. मी पहाटे पाचला उठले. मुलांचे कपडे, नखं, तेल न लावता भांग. पामेरियनला आदल्या दिवशीच शाम्पू केला होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, शेतावरचा गावठी कुत्राही फोटोत पाहिजे म्हणून हट्ट धरला होता, त्याला नळीखाली धुतला. मुलाला बूट घालताना दोन चिमटे काढले तेव्हा कुठे तो उभा राहिला. सगळं वहीत लिहिलेलं होतं, पण माझे हात ओले होते. पुतणी समोर तयार होऊन बसली होती. तिचं अक्षर चांगलं, ती नीटनेटकी. मी वही आणि पेन तिच्या हातात दिलं. "मी सांगते तसं तसं बरोबरची खूण करत जा."

आठ वाजता फोटोग्राफर आला. मी त्याला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की छोटीच्या मांडीवरचा कुत्रा हलायला नको. अंगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. मध्ये आबा, त्यांच्या पायाशी गावठी कुत्रा. तो बसला तो बसला, त्याला काही शिकवावं लागलं नाही. पुतणीला मी स्वतः बसवलं, कुत्रा ठेवला, तिची बोटं एकेक करून केसांत सारली.

आबा बघत होते. "काय वं बाई, तिना हात काय चोरीना शेतस का?"

"चोरीचे कशाला असतील हात? आबा, समोर बघा," मी म्हटलं.

जाऊ मागच्या रांगेत उभी होती.

फोटोग्राफरने पंधरा-वीस फोटो काढले. ऊन खुर्च्यांवर आलं. कुत्रा धापा टाकू लागला. टोस्ट संपले होते. मी माझ्या खुर्चीवरून "बस, बस" म्हणत होते, तेवढ्यात त्याने मान वळवली आणि खाली कुठेतरी तोंड घातलं. पुतणीचे खांदे आखडले. मग ती पुन्हा हसली.

"वा!" फोटोग्राफर म्हणाला. "त्या छोटीकडे बघा सगळ्यांनी. जरासुद्धा हलत नाही."

त्यानंतर सहा फोटो झाले. सगळे उठले. ती बसूनच होती.

"मोठी आई, आता काढू का हात?"

कुत्र्याच्या पोटाजवळचे केस लाल झाले होते. त्याने तिच्या मधल्या बोटाला चांगलंच धरलं होतं. जाऊ धावली. मी आधी कॅमेऱ्याकडे गेले आणि शेवटच्या फोटोत लाल काही दिसतंय का ते पाहिलं. दिसत नव्हतं. मग मी तिला नळाखाली नेलं, साबणाने दहा मिनिटं बोट धुतलं आणि दवाखान्यात नेऊन इंजेक्शन दिलं. त्यात उशीर केला नाही.

दुपारी वही उघडली. बावीस ओळी होत्या, सगळ्यांपुढे खुणा होत्या. सतरावी ओळ माझ्याच अक्षरात: पामेरियन पुतणीच्या मांडीवर, हात केसांत, कोड दिसता कामा नये. ती ओळ मी तिला वाचून दाखवली नव्हती. तिच्यापुढेही खूण होती, बाकीच्यांसारखीच, सरळ आणि स्वच्छ.

म्हणजे फोटोग्राफर यायच्या आधीच तिने ती वाचली होती.

मी तिच्याशी त्याबद्दल बोलले नाही. फोटो धुळ्याला गेला, पसंती आली. मुलाच्या आईने फोनवर मुद्दाम विचारलं, "ती कुत्रा घेऊन बसलेली गोड पोर कोण हो?" मी सांगितलं, माझी पुतणी. पामेरियन मात्र पुढेही ती खुर्चीवर बसली की टोस्टच्या आशेने तिच्या मांडीवर चढायला बघायचा. ती त्याला पायाने दूर लोटायची.

लग्नाच्या दहा दिवस आधी मी जेवणाच्या ताटांची यादी करत बसले होते. पुतणी समोर येऊन उभी राहिली, हात फ्रॉकच्या खिशात.

"मोठी आई, मंडपात कुत्रा चालतो का?"

"नाही गं. कसा चालेल?"

"मग मी नको ना यायला?"

ती थांबली. जावेने स्वयंपाकघरातली भांडी घासायची थांबवली, ते मला ऐकू आलं. मी "वेडी आहेस का" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मुलांच्या रकान्यात अकरा लिहिलं होतं. मी ते खोडून दहा केलं.