ससाण्याच्या मागे, फुजैराच्या डोंगरात

जावयांनी शिकारीचा विषय काढला तेव्हा मी मेथी निवडत होते. आखातात, खलिफा सिटीत माझ्या लेकीच्या, मनूच्या फ्लॅटमध्ये येऊन मला तीन आठवडे झाले होते. समुद्र, मॉल, मंदिर सगळं बघून झालं होतं. संदीपराव म्हणाले, "आई, शुक्रवारी फुजैराला जाऊ या. अबू हमदनी बोलावलंय. डोंगरात त्यांचं फार्म आहे, तिथे शिकार बघायला."

"तुम्ही जाऊन या," मी म्हटलं. "मी घरी थांबते."

मला ओळखत नसलेल्यांसाठी सांगते. माझे यजमान वनरक्षक होते. उभी नोकरी कोयनेकडच्या जंगलात झाली. सशांसाठी लावलेले फासे काढणं, बॅटऱ्या घेऊन येणाऱ्यांच्या मागावर बसणं, पकडलं की पंचनामा करणं, हे त्यांचं काम. आमच्या घरात रानातलं मटण कधी शिजलं नाही. एका पाहुण्याने प्रेमाने आणलेला डबा ह्यांनी उघडून बघितला, झाकण लावलं आणि परत दिला. ते जाऊन चार वर्षं झाली. अजूनही काही ठरवायचं असलं की मी आधी बघते, ह्यांना काय वाटलं असतं. बहुतेक वेळा उत्तर लगेच मिळतं. शिकारीच्या बाबतीत तर विचारायचीही गरज नव्हती.

मनू म्हणाली, "अगं, बंदूक वगैरे काही नाही. ससाणा उडवतात. रानातली शिकार इथे बंदच आहे. नियम एवढे कडक की ससाण्याला पासपोर्ट लागतो."

"बरंय की. मला व्हिजिट व्हिसाला किती खेटे घालावे लागले!"

नात ईरा दहा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आज्जी, इट्स नॉट किलिंग किलिंग. इट्स लाइक अ स्पोर्ट."

"किलिंग किलिंग नाही, म्हणजे एकदाच किलिंग का गं?"

ती हसली. मग संदीपराव हळूच म्हणाले, "मला इथे पहिली नोकरी त्यांनी दिली, आई. तुम्ही आल्याचं कळल्यावर मुद्दाम म्हणाले, मां जी को लेके आओ." जावई माणूस कधी काही मागत नाही. मी म्हटलं, येते, पण लांब बसेन.

शुक्रवारी इथे अर्धा दिवस असतो. ईराची शाळा सुटल्यावर निघालो. खलिफा सिटीहून फुजैरा अडीच-तीन तास. दुबई बाहेरूनच टाळली तर गर्दी कमी लागते. रस्ता इतका गुळगुळीत की मागच्या सीटवरच्याला झोप येते, आणि चालवणाऱ्यालाही येऊ शकते, म्हणून संदीपरावांशी बोलत राहायची जबाबदारी माझी. बराच वेळ नुसती वाळू, मध्येच उंट. मग अचानक डोंगर सुरू होतात.

त्या डोंगरांची मला सवय व्हायला वेळ लागला. आमच्या सह्याद्रीच्या अंगावर भर उन्हाळ्यातही काहीतरी असतं, निदान वाळलेलं गवत. हे डोंगर करपलेल्या भाकरीच्या रंगाचे, आणि उघडे. झाड दिसलं तर ते खाली घळीत, एकटं. पहिल्यांदा वाटलं, इथे राखायचं काय?

मसाफीजवळ रस्त्याकडेला बाजार लागतो, तिथे जरूर थांबा. गालिचे, मातीची भांडी, फळं, रोपं. गालिचावाला मला म्हणाला, "अम्मा जी, आपके लिए आधा दाम." मी म्हटलं, "अभी तो पूरा दाम बोला नहीं, आधा कैसे किया?" तो शेजारच्या दुकानदाराला ते सांगत बसला आणि आम्ही सुटलो. चहा दोन दिरम, म्हणजे आपले पन्नासेक रुपये. मनू असा हिशोब दरवेळी मोठ्याने करते आणि मग तरीही पिते. चिप्स भरलेला पराठा ईराने खाल्ला. मी माझे धपाटे काढले. संध्याकाळी फुजैराला हॉटेलात पोचलो. खोली तीनशे दिरमची, साधी, पण खिडकीतून समुद्र दिसतो आणि समुद्रात तेलाची जहाजं रांगेने उभी. एसटी स्टँडवर गाड्या उभ्या असतात तशी.

शनिवारी सकाळी आरामात आवरून फार्मवर गेलो. शेवटचा रस्ता खडीचा आहे, उंच गाडी असलेली बरी. खजुराची झाडं, त्यांतून वाहणारा दगडी पाट, बकऱ्या. सावलीत खुंटांवर बसलेले चार ससाणे, डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या. अबू हमद सत्तरीचे असतील. हिंदी आपल्या टॅक्सीवाल्यांइतकं सफाईदार. त्यांनी खजूर पुढे केले, वेलची घातलेली कडवट कॉफी इवल्या कपात ओतली आणि विचारलं, "मां जी, आपके साहब क्या करते थे?"

संदीपराव घाईने म्हणाले, "गव्हर्नमेंट जॉब."

मी म्हटलं, "जंगल के गार्ड थे. शिकारियों को पकड़ते थे."

मनूने कप खाली ठेवला. अबू हमद माझ्याकडे बघत राहिले आणि मग असे हसले की त्यांना ठसका लागला. "या अल्ला! तो आज मुझे पकड़ने आई हैं?"

"कुछ गलत किया तो पकड़ूँगी."

"मंजूर," ते म्हणाले, आणि माझ्या ताटलीत आणखी खजूर घातले.

जेवायला मटण-भात होता. पाळलेल्या बकरीचा, मी विचारून घेतलं. मग त्यांनी मला सगळं समजावलं. रानातल्या कुठल्याही पाखराला हात लावायचा नाही. परवानगी घेतलेल्या जागेतच ससाणा उडवायचा, तोही दोरीला बांधलेल्या पिसांच्या गड्ड्यावर किंवा पाळलेल्या लाव्यांवर. त्यांच्या चार ससाण्यांत एक मादी होती, तिचं नाव बर्क, म्हणजे वीज. अंड्यातून निघाल्यापासून त्यांच्या हातचं खाऊन मोठी झालेली. तिच्याशी बोलताना ते आवाज खाली आणत. मी लांब बसायचं ठरवलं होतं, पण खुर्ची त्यांनी स्वतः उचलून पुढे आणली.

ऊन कलल्यावर आम्ही घळीच्या तोंडाशी गेलो. टोपी काढली, तिने मान हलवून सगळ्यांना एकेकदा पाहिलं आणि उडाली. ते उडणं मी लिहून दाखवू शकत नाही. वर जाऊन ती ठिपका झाली, आणि अबू हमदनी पिसांचा गड्डा फिरवला तशी दगडासारखी खाली आली. ईरा ओरडली, "आज्जी, डिड यू सी?" मी पाहिलं होतं. मला आवडलंही होतं, आणि आवडल्याचं थोडं वाईट वाटत होतं.

तिसऱ्यांदा गड्डा फिरत असताना समोरच्या दगडांतून एक तितर उठलं, रानातलं. बर्कने गड्डा सोडला आणि ती त्याच्या मागे गेली. दोघं कड्यावरून पलीकडे दिसेनाशी झाली.

अबू हमद ओरडले, शीळ घातली, पुन्हा ओरडले. काही नाही. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. संदीपरावांनी मला सांगितलं, तिच्या पायांत चामड्याच्या वाद्या आहेत. त्या काटेरी झाडात अडकल्या तर ती उलटी लटकून मरते. नाही अडकली तरी अंधार पडल्यावर इथली मोठी घुबडं सोडत नाहीत, आणि ही घरात वाढलेली, तिला रात्र माहीत नाही. दिवस तासाभराचाच उरला होता.

तिच्या शेपटीला एक छोटं यंत्र असतं, त्याचा आवाज अबू हमदच्या हातातल्या डब्यात येतो. पण कड्यांवर आपटून तो चहूबाजूंनी येत होता. ते डबा इकडे धरत, तिकडे धरत. तेवढ्यात मला डाव्या हाताच्या घळीतून बुलबुलांचा कालवा ऐकू आला.

ह्यांनी मला शिकवलं होतं की पाखरं अशी एकाजागी ओरडायला लागली की तिथे कुणीतरी शिकारी बसलेला असतो. बिबट्या असो, साप असो. जंगलात ते याच खुणेवर चालत. मी उठून म्हणाले, "वो उधर है. पंछी बोल रहे हैं. मेरे आदमी ने सिखाया है."

अबू हमदनी एक क्षण डब्याकडे पाहिलं, एक क्षण माझ्याकडे. आणि डबा खाली करून माझ्या मागे आले.

दगडांवरून चढत आम्ही सगळे त्या घळीत शिरलो. बुलबुल ओरडतच होते, एका काटेरी झाडावर, आठ-दहा तरी. मी सगळ्यांना हाताने थांबवलं, हे थांबवत तसं. वाकून झाडाखाली पाहिलं. तिथे एक पिवळं मांजर बसलं होतं. फार्मवरचंच. आम्हाला बघून ते जरासुद्धा हललं नाही.

ईराला हसू फुटणार होतं, मनूने तिचा दंड धरला.

"मालूम नहीं था," मी म्हटलं. उरलेल्या उजेडातला मोठा भाग मी खाल्ला होता. नुसतं माझ्या नावावर बोलले असते तर एक वेळ चाललं असतं. मी ह्यांचं नाव मध्ये घातलं होतं.

अबू हमद वाकले, मांजराकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपके साहब ने सही सिखाया, मां जी. शिकारी ही निकला. बस, मेरा नहीं है." मग डबा उचलला. "यल्ला, ऊपर चलते हैं."

वर गेलं की आवाज आपटत नाही, सरळ येतो, म्हणून ते कडा चढणार होते. मनू आणि ईरा खाली थांबल्या. मीही थांबावं असं मनूचं म्हणणं होतं, पण डोंगर चढायला मला कुणी शिकवायला नको. बकऱ्यांची वाट होती. माथ्यावर पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता, आणि डब्यातला आवाज एकाच बाजूने येत होता, स्पष्ट.

ती पलीकडच्या उतारावर, दगडांच्या बेचक्यात होती. पायाखाली तितर, मेलेलं. पंख पसरून तिने ते झाकलं होतं. एक वादी काटेरी झुडपात गुंतली होती. संदीपराव धावणार, तोच अबू हमदनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. मग ते स्वतः बसले, बसूनच पुढे सरकले. तिच्याकडे सरळ न बघता, तोंडाने काहीतरी पुटपुटत. पिशवीतून मांसाचा तुकडा काढून हातमोज्यावर धरला, अगदी तिच्या पायांशी. तितर ओढून घेतलं नाही. ती बराच वेळ विचार करत होती. मग एक पाय उचलून मोज्यावर ठेवला, मग दुसरा. ती खायला लागल्यावर त्यांनी दुसऱ्या हाताने काट्यातली वादी सोडवली.

टोपी चढवून झाल्यावर त्यांनी तितराकडे पाहिलं. "ये नहीं होना चाहिए था," म्हणाले. "सुबह परमिट वाले ऑफिस को फोन करके बताना पड़ेगा."

संदीपराव हळूच म्हणाले, "सर, किसी ने देखा नहीं."

"गार्ड की बीवी ने देखा है," अबू हमद म्हणाले. ते हसले नाहीत.

खाली उतरताना मी मनातल्या मनात ह्यांना विचारलं, नेहमीसारखं, आणि उत्तर आलं नाही. ह्यांना आयुष्यात पुष्कळ माणसं भेटली, पळणारी, पाया पडणारी, पैसे पुढे करणारी, एकाने तर कोयता उगारलेला. आपणहून सांगायला जाणारा कुणी भेटल्याचं त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी परत निघालो. वाटेत संदीपरावांच्या फोनवर निरोप आला, ऑफिसला कळवलं, बर्क ठीक आहे, मां जींना सलाम. पुढे काय झालं ते आम्ही विचारलं नाही. गाडीत ईराने मला मांजरासारखं बसून दाखवलं आणि मग कुठे मला हसू आलं.

जाणाऱ्यांसाठी थोडं सांगते. डिसेंबर ते फेब्रुवारी बरा. संध्याकाळी डोंगरात गार वारा असतो, शाल ठेवा. चांगले बूट घाला. ससाणा बघायचा तर ओळखीच्या, परवानगीच्या ठिकाणीच जा, आणि तो खात असताना फोटोसाठी पुढे पुढे करू नका.

आता मी गावी परत आले आहे. गेल्या आठवड्यात माने भाऊजी आले होते. ह्यांच्याबरोबर त्यांनी बरीच वर्षं गार्डची नोकरी केली. चहा ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली, मांजरासकट. मांजरापाशी ते मांडीवर थापा मारून हसले. तितरापाशी गंभीर झाले.

"वहिनी, आमचा दोस्त तिथं असता तर काय केलं असतं त्यानं?"

"मला नाही सांगता येणार, भाऊजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य माझ्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"पण ह्यांच्या जागी मी गार्ड असते, तर सोडलं असतं त्या माणसाला," मी म्हटलं.

"सोडलं असतं? तितर मेलं ना पण! कायदा काय म्हणतो?"

"कायदा म्हणू दे. तुमच्याकडे कोण आलं होतं सांगायला आपल्या पायानं?"

"तसं सोडायला लागलं तर उद्या प्रत्येक जण पाय घेऊन येईल, वहिनी!"

"येऊ दे की. फासे लावण्यापेक्षा बरं."

चहा निवला. मी तो पुन्हा गरम केला, आणि पुन्हा निवेपर्यंत आम्ही भांडलो. भाऊजींनी दोन-तीनदा ह्यांचा दाखला दिला. मी एकदाही दिला नाही.