जैनबआपाचा चांगला डोळा

त्या दिवशी सकाळी युसुफ शाळेच्या फाटकाशी आला, तेव्हा मी चौथीच्या मुलींना पाढे म्हणायला लावून हजेरी घेत होते. तो सायकल धरून उन्हात उभा होता, आत येईना. मी बाहेर गेले. "मावशी, अम्मा गेली," एवढंच तो म्हणाला. माणूस गेल्याचं कळलं की आपण विचारतो, कधी, कशानं, त्रास झाला का. मी त्यातलं काहीच विचारलं नाही. "डॉक्टरांना सांगितलंस का?" हेच माझ्या तोंडून निघालं. आई जाऊन चार तास न झालेल्या मुलाला असं विचारावं का, हे मला त्या वेळी सुचलंही नाही. त्यानं मान हलवली. सांगितलं होतं. डॉक्टर निघाले होते. अडचण वेगळीच होती, आणि ती घेऊनच तो माझ्याकडे आला होता.

युसुफची अम्मा, जैनबआपा, मण्यारीण होती. नंदुरबारात राहायची आणि आठवडाभर बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून कोरीट, रनाळे अशी गावं फिरायची. रनाळं माझं माहेर. तिथल्या आमच्या ओट्यावर मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आमच्या दोघींच्याही डोक्यावर एक केस पांढरा नव्हता. हात मऊ होता तिचा. लहानातली लहान बांगडी ती अशी चढवी की पोरीला कळायच्या आत मनगटावर. पण स्वभावानं हट्टी, आणि व्यापारात पक्की. मला निळ्या हव्या असल्या की ती हिरव्याच भरी, वर म्हणे, निळ्या तुझ्या रंगाला शोभत नाहीत. दुसऱ्या मण्यारणीचं नाव काढलं की तिचं नाक फुगे. आणि एक सवय अशी की मला तिचा राग यायचा. काहीही झालं की 'शुक्र आहे', म्हणजे अल्लाचे आभार. पाऊस लांबला, शुक्र आहे. माल फुटला, शुक्र आहे. मी वादाला कायम तयार असलेली बाई, मला त्या शब्दात नुसती मान तुकवणं दिसायचं. मी तिला म्हणायची, आपा, जरा भांडायला शिक, वरच्याशी नाही तर निदान खालच्यांशी.

मग ती वर्षं आली. जिनात कापसाच्या गंजीला आग लागली, त्यात तिचा नवरा गेला. त्याचं वर्ष सरत नाही तोच देवीची साथ आली. ती आणि तिची मुलगी रेहाना दोघी एकाच खोलीत पडून होत्या. रेहाना गेली. आपा उठली, पण तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा, त्यातून तिला दिवस आणि रात्र एवढंच कळे. उरला युसुफ आणि उरला उजवा डोळा. त्या वेळी ती 'शुक्र' म्हणाली नाही. बरेच महिने म्हणाली नाही. माळा घेऊन यायची, हात धरायची, बांगड्या भरायची आणि निघून जायची. ज्या शब्दाला मी इतकी वैतागले होते तो ऐकू येईना, तर माझा जीव टांगणीला लागला. माणसाचं हे असं असतं बघा.

तो शब्द परत कधी आला ते मी डोळ्यांनी पाहिलं. रनाळ्याच्या ओट्यावर माझ्या भाचीला ती बांगड्या भरत होती. भाची रेहानाच्याच वयाची. घट्ट बांगडी चढवताना फुटली आणि काच आपाच्या अंगठ्यात गेली. वहिनी घाईनं म्हणाली, फुटलेलीचेही पैसे घे. मण्यारांचा दंडक असा की हातात नीट चढेपर्यंत बांगडी विकणाऱ्याची. चढवताना फुटली तर नुकसान त्याचं. आपानं मान हलवून नकार दिला, अंगठा पदरात दाबला आणि सवयीनं तिच्या तोंडून गेलं, "शुक्र शे, पोरले लागनं नही." म्हणाली, आणि मग ती थांबली. स्वतःचाच आवाज ऐकून दचकल्यासारखी. मग भाचीचा हात तसाच हातात धरून ती रडायला लागली... रेहाना गेल्यानंतर पहिल्यांदा. भाचीनं हात सोडवून घेतला नाही.

तेव्हापासून मी त्या शब्दावरून तिला टोकणं कमी केलं. बंद मात्र नाही केलं.

पुढं नंदुरबारात डोळ्यांचं शिबिर भरलं. सुरतेहून डॉक्टर आले होते. आम्हा शिक्षकांना नावं पुकारण्याचं काम होतं. मी आपाला जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी डाव्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं की हे फूल काढता येईल, पण त्या जागी मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा स्वच्छ पडदा बसवावा लागेल. सुरतेला या, नंबर लावू. मला तर वाटलं जग जिंकलं. आपानं विचारलं, कुणाचा? डॉक्टर हसले, कुणाचाही. तिनं अधिक काही विचारलं नाही, घरी जाताना मशिदीकडे वळली.

मौलवीसाहेब म्हणजे हळू बोलणारे, मुलांना शिकवणारे साधे गृहस्थ. त्यांचं म्हणणं तिनं मला नंतर सांगितलं. शरीर ही अल्लानं दिलेली अमानत, आपण त्याचे मालक नाही. जे आपलं नाही ते दुसऱ्याला कसं द्यायचं? मेलेल्याच्या देहालाही जिवंताइतकंच जपायचं असतं, त्याला सुरी लावणं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. पण मजबूर माणसासाठी काही आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचे जाणकार, मार्ग काढतात, हेही त्यांनी ऐकलं होतं. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निवाडा करण्याइतका मी शिकलेला नाही, तेव्हा मी तुला जा म्हणणार नाही आणि थांबही म्हणणार नाही, असं ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. हो नाही आणि नाहीही नाही, हे कसलं उत्तर? मी आपाला म्हटलं, त्यांनी मनाई केलेली नाही ना, मग चल, पुढच्या महिन्यात जाऊ.

ती नाही म्हणाली. धर्माचं कारण सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. ती म्हणाली, "मन्हाकडे एक शे ना. ज्याकडे एक बी नही, त्याले द्या." मी खूप बोलले त्या दिवशी. नशिबानं लाथा मारल्या आणि तू त्याचेच पाय चेपतेस, असंसुद्धा बोलले. ती माळेतल्या बांगड्या सारख्या करत ऐकत राहिली. "काबरं संतापस?" ती म्हणाली. "एक डोया ली लिधा, एक ठेवा. ठेवनारले इसरू का?" आणि मग खाली बघत, जसं एखादं उसनं भांडं मागावं तसं, तिनं विचारलं, "मन्हा मरावर हाऊ डोया कोनले काममा ई का?"

मेल्यावर उजवा, चांगला डोळा द्यायचा म्हणत होती ती. तिच्या त्या 'शुक्र'मधून असं काही निघेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

ती पुन्हा मौलवीसाहेबांकडे गेली. या वेळी मीही दाराबाहेर उभी होते. ते परत अमानतीचंच बोलले, आणि मनापासून बोलले. आपानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दोरीमा ठेवाकरता कोनी मले बांगडी देस का?" बांगडी मिळते ती माळेत ठेवायला नाही, कुणाच्या तरी हातात भरायला, असं तिचं म्हणणं. त्यावर मौलवीसाहेब म्हणाले, "तुम्हारा जवाब तुम देना, बी. मैं अपना दूँगा." जवाब द्यायचा तो अल्लापुढं; म्हणजे त्यांना पटलं नव्हतं. आणि तरी त्यांनी तिला अडवलं नाही.

अडवणारं दुसरंच माणूस होतं. चाँदबी. आपाच्याच गल्लीतली, तिच्याहून वयानं मोठी. मोहल्ल्यातली कुणी बाई गेली की तिला गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, या दोघीच घालायच्या. एक पाणी ओतणार, एक हात फिरवणार. चाँदबीनं सरळ सांगितलं, परक्या पुरुषाचा हात लागलेला, डोळा काढलेला देह मी धुणार नाही. आपा हसून म्हणे, तू आधी गेलीस तर मी तुला धुवीन, मी आधी गेले तर बघू. हसण्यावारी न्यायची, पण तिला ते लागलेलं होतं. जन्मभर दुसऱ्यांना धुणाऱ्या बाईला स्वतःच्या वेळी कोण धुणार, हा प्रश्न सोपा नसतो.

तर युसुफ त्या सकाळी फाटकाशी उभा होता तो यासाठी. दवाखान्याचे डॉक्टर डोळा काढून देणार होते. सोडावाटरच्या दुकानातून बर्फ मिळणार होता. सुरतेच्या डॉक्टरांना ट्रंककॉल लागला होता. पण डोळा थांबणार नव्हता आणि दफनही थांबणार नव्हतं. दुपारच्या गाडीनं कुणीतरी सुरतेला निघायला हवं होतं आणि दुपारच्या नमाजानंतर जनाजा. "मी गेलो तर खांदा कोण देईल, मावशी?" तो म्हणाला. एकुलता एक मुलगा. मोहल्ल्यातला दुसरा कुणी डोळ्याला हात लावायला तयार नव्हता. मी तशीही कब्रस्तानात जाऊ शकणार नव्हते. बाया जात नाहीत. मी हेडबाईंना सांगून घरी गेले आणि माझा चहाचा थर्मास घेऊन निघाले.

ज्या बाईला पोचवायला जायचं तिचा डोळा घेऊन मी निघाले. आपाच्या ओसरीत बाया बसल्या होत्या, चाँदबी भिंतीकडे तोंड करून. मी आपाचा चेहरा पाहिला नाही. डॉक्टरांनी छोटी बाटली बर्फात ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाले, हलवू नका. गाडीत बसल्यापासून मला एकच भीती, बर्फ वितळला तर? हलवून पाहावं तर हलवायचं नाही. उघडून पाहावं तर उघडायचं नाही. बाहेर ऊन नुसतं पेटलेलं. मी थर्मासला पदर गुंडाळला, मांडीवर घेतला, परत काढला, कारण मांडीच गरम. नवापूरला एक बाई मूल घेऊन चढली आणि थोड्या वेळानं तिनं विचारलं, पोराला घोटभर पाणी देता का त्यातलं? मी म्हटलं, औषध आहे. मूल थर्मासकडे बघत रडत राहिलं. त्या बाईनं मग आपलं गाठोडं सरकवून थर्मासला टेकू केला, धक्का लागू नये म्हणून... तिला काय ठाऊक. व्यारा येईपर्यंत आपाला मातीत ठेवलं असेल, असं मनात आलं. पण ठेवलं असेल का? कुणी धुतलं का? की पाणी तापून तसंच राहिलं? मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला एक झाड आठवत नाही.

सुरतेला एका तरुण डॉक्टरनं बाटली काढून उजेडात धरली, "सारु छे" म्हणजे चांगला आहे, असं म्हणाला आणि आत गेला. कुणाला बसवणार, मी विचारलं. ते सांगत नाहीत म्हणे. रिकामा थर्मास घेऊन मी परतीच्या गाडीत बसले. तो आता फळीवर आहे. त्यात चहा ओतवत नाही आणि तो कुणाला देववतही नाही.

स्टेशनवरून मी थेट युसुफकडे गेले. त्यानं सांगितलं ते असं. पाणी तापलं, चाँदबी जागची हलेना, बाकीच्या बाया तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मौलवीसाहेब दाराबाहेर येऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मेरी राय आज भी वही है. मगर गुस्ल इसका हक है हम पर. हिसाब लेना हमारा काम नहीं." चाँदबी उठली. बाह्या वर केल्या. पाणी दुसरीनं ओतलं, हात चाँदबीनं फिरवला. उजव्या पापणीखाली डॉक्टरांनी ठेवलेला कापूस तिनं हलू दिला नाही. नमाज मौलवीसाहेबांनीच पढवली.

याला आता काही आठवडे झाले. मी सुरतेला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. रस्त्यात कुणी काठी टेकत चालताना दिसला की मी उगाच त्याच्या डोळ्यांत बघते. आपा असती तर तिला शांत वाटलं असतं. मला नाही वाटत. ती ज्याच्या जोरावर एवढं सोसून हसत होती ते माझ्याकडे नाही, हे मी लिहून टाकते.

गेल्या शुक्रवारी मी चाँदबीकडे गेले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले होते. ती उंबऱ्यात बसली होती. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आज बी मी म्हनस, तिनं चुकनं. मी तिनाकरता रोज माफी मांगस." मी म्हटलं, बरं. मग ती माझ्याकडे न बघता, आवाज खाली आणून म्हणाली,

"डोया लागना का कोनले?"

माहीत नाही, मी म्हटलं. तिनं मान हलवली, उंबऱ्यात जरा सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.