वन्संचे चार दिवस
ओल्या घोंगडीचा वास आला की मला तळेगावच्या सासरची मागची पडवी आठवते. सत्तरच्या आसपासची गोष्ट. तिथे माझ्या नणंदबाई, वन्सं, दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायच्या, अगदी पंचांग बघून बसावं तशा नेमक्या. माझं मेलं कधी वेळेवर नाही, म्हणून मला त्यांचा हेवा! नवी सून, वेणी लांब, अक्कल आखूड. बुटक्याशा वन्संना पाळी कधी आलीच नव्हती. लोकांनी बोलू नये म्हणून सासूबाई त्यांना बसवायच्या. हे मला कळलं ते पुण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासल्यावर. पेशींतच जन्मापासून काहीतरी कमी आहे, मूल होणार नाही, बाकी मुलगी ठणठणीत, असं ते म्हणाले. घरात कुणी रडलं नाही. पुढच्या महिन्यात सासूबाईंनी पुन्हा घोंगडी अंथरली. वन्सं मात्र स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्या हातातलं लाटणं घेऊन पोळ्या लाटू लागल्या. विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "अगं, शिवतेस काय? बाहेरची ना तू?" "मला ते कधी आलंच नाही, काकू. येणारही नाही," वन्सं म्हणाल्या. "आई, जेवायला बसतेस?" तव्यावरची पोळी करपली. मग सासूबाईंनी काकूंच्या देखत पाट मांडला, बसल्या आणि म्हणाल्या, "वाढ. सूनबाईलाही वाढ, नुसती खांबासारखी उभी आहे." नात परवा विचारत होती, "आजी, तेव्हा तुला काय वाटलं गं?" काही नाही वाटलं. मी दुसरी पोळी मागितली.