आत्याचा गप्प करणारा डबा

माझी आत्या रेडिओ दुरुस्त करायची आणि बाबा घड्याळं. दुकान एकच, मधे एक कपाट, आणि त्यावरून दिवसभर दोघांची कुरबुर. आत्या मोठी, म्हणून शेवटचा शब्द तिचा. बाबांना हे कधीच पटलं नाही.

शेजारी बर्फाचा कारखाना आला आणि बाबांचं डोकंच फिरलं. घड्याळ कानाला लावायचं आणि दुखणं ओळखायचं, ही त्यांची पद्धत. भिंतीपलीकडच्या मोटरच्या घरघरीत टिकटिक ऐकूच येईना. दुरुस्त केलेली घड्याळं परत येऊ लागली. "ही मोटर मला धंद्यातून उठवणार," म्हणत बाबा दुकान विकायची भाषा करू लागले. ते घरी बसले तर आम्हालाच दुरुस्त करत सुटतील, ही माझी धास्ती.

"थांब, मोटरचं तोंड बंद करते," आत्या म्हणाली. तिने भिंतीला माइक चिकटवला, जुन्या रेडिओतला अ‍ॅम्प्लिफायर एका डब्यात बसवला आणि बाबांच्या स्टुलाशेजारी स्पीकर ठेवला. आवाज म्हणजे हवेचे धक्के. मोटर हवा ढकलेल तेव्हा स्पीकरने ती मागे ओढायची, की दोघांचं जागच्या जागी मिटतं, असं तिने मला समजावलं. बटण दाबलं, तर घरघर वाढली!

"वा, ताई! एक होती, आता दोन झाल्या."

आत्याने स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल केली, आणि तो ढकलायच्या जागी ओढू लागला.

घरघर विरली. सगळ्या दुकानात नाही, फक्त स्टुलापाशी, डोकं मावेल एवढ्या जागेत. बाबांनी खुशीत एक घड्याळ कानाला लावलं. "हे बंद आहे." दुसरं उचललं, मग तिसरं. मी वाकून त्यांच्या कानाशी कान नेला. तिन्ही चालू होती. मला रडूच आलं.

माझ्या तोंडाकडे बघून बाबा काय ते समजले.

"ताई, तुला माहीत होतं?"

"वर्षभर. दहा हाका मारल्या की एक ओ देतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सगळं मोटरवर ढकललं असतंस. म्हणून आधी मोटर गप्प केली."

बाबांनी हातातलं घड्याळ खाली ठेवलं. आत्याने भिंतीवरचा माइक काढला, घड्याळाच्या पाठीला टेकवला आणि आवाज वाढवला. मोटर पुन्हा घरघरू लागली, पण तिच्या वरताण टिकटिक दुकानभर घुमली. बाबांनी स्पीकरकडे कान केला.

"हे लंगडतंय गं, ताई," ते म्हणाले. "माझा चिमटा दे."